विश्वास उरला नसताना मुलीच्या स्नानसंस्कारात बापाने काय म्हणावे?

प्रश्न : वसईतील एक बाप

मी वसईच्या कॅथलिक कुटुंबात जन्मलो आणि वाढलो. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), पहिले कम्युनियन (उपासनेत पवित्र भाकर घेणे), दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) हे सगळे यथासांग झाले. शाळेत असताना मी वेदीसेवक होतो आणि पुढे धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) युवकांच्या कामातही मनापासून रमलो. आज मात्र देव आहे असे मला खरेपणाने म्हणता येत नाही. तो नाहीच, असेही मी ठामपणे म्हणत नाही, त्यामुळे मला अज्ञेयवादी म्हटलेले अधिक योग्य ठरेल.

कुणा धर्मगुरूने दुखावले म्हणून हे झाले नाही. सुरुवात झाली ती शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तके, शेजारीशेजारी ठेवून वाचण्यापासून. मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळी जुळत नाहीत, मार्ककृत शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनानंतरचा मजकूर नाही, हे कळले तेव्हा धक्का बसला. पण तेवढ्याने श्रद्धा गेली नाही, फक्त अक्षरशः मानणे थांबले. श्रद्धा गेली ती एका नातेवाइकाच्या लहान मुलाच्या दीर्घ आजारपणात. त्या वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशेजारी कोणीतरी प्रार्थना करत होते. काही मुले बरी झाली, काही गेली, आणि दोन्ही वेळा ‘देवाची इच्छा’ हे एकच उत्तर ऐकू आले. जे उत्तर कोणत्याही घटनेला लागू पडते ते उत्तर नव्हे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

आता आम्हाला मुलगी झाली आहे. पत्नी श्रद्धावान आहे, तिला माझी अवस्था ठाऊक आहे आणि तिने कधी त्यावरून वाद घातलेला नाही. माझ्या आईला मात्र काहीच माहीत नाही. स्नानसंस्काराच्या विधीत आईवडिलांना सैतानाचा त्याग करता का, सर्वसमर्थ पित्यावर, त्याच्या पुत्रावर आणि पवित्र आत्म्यावर तुमची श्रद्धा आहे का, असे सर्वांसमक्ष विचारले जाते. ‘होय’ म्हणालो तर वेदीसमोर खोटे बोललो असे होईल. ‘नाही’ म्हणालो तर पत्नी आणि आई यांच्या आनंदाच्या दिवशी मी त्यांना सगळ्या गावासमोर उभे केले असे होईल.

वसईत धर्मग्राम म्हणजे केवळ रविवारची मिस्सा (उपासना) नव्हे, हे येथील लोकांना सांगायला नको. लग्न, मयत, शेजार, सहकारी संस्था, इतकेच काय, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळसुद्धा याच वस्तीतून बळ घेत आली. ते सगळे मला प्रिय आहे. देव आहे की नाही यावर वाद नको आहे. जे या वाटेने गेले, किंवा या वाटेने परत आले, त्यांनी सांगावे : मी त्या विधीला उभा राहू शकतो का, आणि राहिलो तर काय म्हणावे?

उत्तर : मूळ नगरचा, आता पुण्यात

मी तुमच्याच दिशेने गेलेला माणूस आहे, पण माझे घर प्रॉटेस्टंट. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला 1831 मध्ये सुरू झाले, तेथूनच 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, आणि पुढे ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते अशा कुटुंबांना त्या मिशनच्या शाळांत बाकावर बसायला जागा मिळाली. माझे पूर्वज त्यांतलेच. म्हणून ‘माझा विश्वास नाही’ हे वाक्य आमच्या घरात एखाद्या तात्त्विक मतासारखे ऐकले जात नाही. ज्यांनी आपल्याला माणूस म्हणून उभे केले त्यांच्याशी केलेली बेइमानी, असे ते ऐकले जाते. वडिलांना सांगताना मला सर्वांत कठीण गेले ते हेच वेगळे करून दाखवणे, की शाळा, अक्षर आणि मान यांचे ऋण मी मानतो, आणि ते मानण्यासाठी पुनरुत्थान मानावे लागत नाही. त्यांना ते पूर्ण पटले नाही. पण आमचे बोलणे बंद झाले नाही, आणि मला वाटते की यापेक्षा अधिक अपेक्षा करू नये.

तुमच्या प्रश्नासाठी मला चार्ल्स डार्विनचे घर फार उपयोगी वाटते. पुष्कळांची समजूत अशी की उत्क्रांतीमुळे त्याची श्रद्धा गेली. प्रत्यक्षात तो केंब्रिजला शिकायला गेला तो पाद्री होण्याच्या तयारीने, आणि विश्वास हळूहळू, अनेक वर्षांत ओसरला. 1851 मध्ये दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी गेली, त्यानंतर ख्रिस्ती धर्मातल्या दयाळू विधात्याची कल्पना त्याला धरून ठेवता आली नाही, असे त्याचे अनेक चरित्रकार मानतात. पत्नी एमा श्रद्धाळू होती. लग्नाच्या सुमारास तिने त्याला आपली काळजी सांगणारे पत्र लिहिले होते. ते त्याने जन्मभर जपले आणि आपण त्यावर कितीदा रडलो हे त्यावरच लिहून ठेवले. पुढे रविवारी कुटुंब चर्चमध्ये जाई आणि तो फिरायला जाई. पण त्याच डाउन गावच्या पाद्र्याशी, जॉन ब्रॉडी इनिस यांच्याशी, त्याची अखेरपर्यंत मैत्री होती आणि गावातल्या गरिबांसाठीच्या निधीचा हिशेब तो वर्षानुवर्षे सांभाळत होता. 1879 मध्ये कुणी विचारले तेव्हा त्याने आपण कधीही देव नाकारणारे नव्हतो, अज्ञेयवादी हेच वर्णन अधिक बरोबर, असे कळवले. जे पटत नाही ते तो बोलला नाही, आणि तेवढ्यासाठी गाव किंवा घर सोडलेही नाही.

याच्या उलट ॲनी बेझंट यांचे झाले. त्या पाद्र्याच्या पत्नी. मुलीच्या जीवघेण्या आजारपणात त्यांची श्रद्धा हलली, तसेच तुमचे झाले. कम्युनियन घ्यायचे की घर सोडायचे, असा पेच पडला आणि 1873 मध्ये त्यांनी घर सोडले. 1878 मध्ये न्यायालयाने त्यांची मुलगी त्यांच्याकडून काढून घेतली, आणि त्या निर्णयात त्यांच्या नास्तिक मतांचा आधार घेतला गेला. पुढे त्या थिऑसफीकडे गेल्या आणि भारतात आल्या, ती वेगळी कथा. माझा मुद्दा एवढाच की तोंडून शब्द वदवून घेण्याचा आग्रह धरला की जे सहज टिकले असते तेही तुटते. तुमच्या पत्नीने तो आग्रह धरलेला नाही. हे फार मोठे आहे.

नगरकराने ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय सोडू नये. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही मंडळी काढली, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. ती जागा ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्यांसाठी होती, आपल्यासारख्यांसाठी नव्हे, हे मी जाणतो. तरीही मंडळीची सीमा कोठे आखायची हा प्रश्न आपल्याकडे एका भक्तानेच इतक्या धैर्याने विचारला होता, याचे मला बळ वाटते.

उत्तर : धर्मशिक्षण वर्गाची शिक्षिका, वसई

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर विधीच्या पुस्तकातच आहे, आणि ते तुम्हाला आजवर कोणी सांगितले नाही याचे वाईट वाटते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 मध्ये बालकांच्या स्नानसंस्काराचा जो विधी आला, त्याच्या प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले आहे की आईवडिलांपैकी एकाला श्रद्धेचा अंगीकार करता येत नसेल तर त्याला त्या वेळी गप्प राहता येते. तेथे उदाहरण कॅथलिक नसलेल्या पालकाचे दिले आहे, पण नियमाची भाषा तेवढ्यापुरती मर्यादित नाही. त्याच्याकडून अपेक्षा एकच, की ज्या श्रद्धेत बाळाचा स्नानसंस्कार होत आहे त्या श्रद्धेचे शिक्षण मुलीला मिळण्याची त्याने तजवीज करावी, किंवा निदान त्याला परवानगी द्यावी. म्हणजे तुम्हाला ‘होय’ही म्हणायचे नाही आणि ‘नाही’ही म्हणायचे नाही. तुमची पत्नी उत्तर देईल, धर्मपिता आणि धर्ममाता देतील, जमलेली मंडळी देईल. तुम्ही मुलीला हातात घेऊन उभे राहा.

कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेचा 868 वा नियमही याला धरून आहे. बालकाच्या स्नानसंस्कारासाठी आईवडिलांपैकी किमान एकाची संमती हवी आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी. ती आशा मुळीच नसेल तर संस्कार पुढे ढकलावा, असेही तो नियम म्हणतो. तुमच्या घरी ती आशा तुमच्या पत्नीमुळे आहे. म्हणून खरा निर्णय वेदीसमोर नाही, घरात आहे : मुलगी मिस्सेला जाईल, धर्मशिक्षणाला येईल, तेव्हा तुम्ही तिला अडवणार नाही, हे तुम्ही मोकळ्या मनाने कबूल करता का? करत असाल तर तुमच्या गप्प राहण्यात काहीही खोटे नाही. मनातून तयारी नसेल, तर मात्र पत्नीशी आधी पुन्हा बोला, कारण तो शब्द तुम्ही तिलाच देत आहात.

आणखी दोन गोष्टी. धर्मगुरूंना आधी भेटा आणि जे येथे लिहिले आहे तेच सांगा. विधीच्या वेळी त्यांना आश्चर्य वाटू देऊ नका. आणि त्या दिवशी मिस्सा असेल तर केवळ लोक काय म्हणतील म्हणून कम्युनियनच्या रांगेत उभे राहू नका. तुम्ही स्वतःच वेदीसमोर खोटे बोलायचे नाही असे लिहिले आहे, आणि त्या निश्चयाचा आम्हा श्रद्धावानांनाही आदर वाटला पाहिजे.

‘देवाची इच्छा’ या उत्तराबद्दल तुम्ही जे लिहिले ते मी पुन्हा पुन्हा वाचले. 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात नास्तिकतेचा विचार करताना म्हटले आहे की तिच्या उगमात श्रद्धावानांचाही वाटा थोडाथोडका नसतो : धर्माचे अपुरे शिक्षण, चुकीचे विवेचन आणि स्वतःच्या जगण्यातले दोष यांमुळे ते देवाचा चेहरा दाखवण्याऐवजी झाकतात. त्या वॉर्डात बोलल्या गेलेल्या वाक्याचा मला त्या यादीत समावेश करावासा वाटतो. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात दुःखात सापडलेल्या ईयोबाचे मित्र नेमकी अशीच स्पष्टीकरणे देत बसतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर तितका नव्हे.

उत्तर : परत आलेली एक

मी कॉलेजच्या काळात श्रद्धा सोडली, पुष्कळ वर्षे स्वतःला नास्तिक म्हणवून घेतले, विवेकवादी अभ्यासमंडळात काम केले, आणि मध्यमवयात परत प्रार्थना करू लागले. प्रश्नकर्त्याने दोन्ही वाटांवरच्या लोकांना विचारले आहे, म्हणून लिहिते.

चमत्कार झाला नव्हता. मरणाची भीती वाटली म्हणूनही परतले नाही, जरी माझ्या तेव्हाच्या मित्रांना तसेच वाटते. ज्या प्रश्नांमुळे गेले होते त्यांतला एकही सुटलेला नाही. बदलले ते एवढेच, की श्रद्धा म्हणजे सगळ्या प्रश्नांच्या शेवटी हाती येणारा निष्कर्ष, असे मी धरून चालले होते, ते मला पटेनासे झाले. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचा. त्यात देवाला हाका आहेत, तक्रारी आहेत, पण शेवटी सांत्वन नाही. ते अंधारात संपते. ज्या लोकांनी हे स्तोत्र आपल्या उपासनेच्या पुस्तकातून काढून टाकले नाही, त्यांच्या सोबतीने मला बसता येईल, असे वाटले. 2007 मध्ये मदर तेरेसांची पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती हे जगाला कळले. काहींनी त्याला ढोंग म्हटले. मला ते ढोंग वाटले नाही, कारण त्यांनी ती अवस्था आपल्या मार्गदर्शकांपासून लपवली नव्हती आणि कामही सोडले नव्हते.

पण मला खरे सांगायचे आहे ते दुसरेच. मी परतले तेव्हा नातेवाईक म्हणाले, ‘आम्हाला माहीत होते, ती येणारच.’ मी गेले होते तेव्हा अभ्यासमंडळातले मित्र म्हणाले होते की बालपणीचा संस्कार आहे, पूर्ण सुटायला वेळ लागेल. दोघांनाही माझे त्या वेळचे मत हे मत वाटलेच नाही, ते त्यांना वाटेतला एक टप्पा वाटला. सी. एस. लुईस यांचे उदाहरण चर्चमध्ये नेहमी दिले जाते : आईच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी नास्तिक झालेला मुलगा, ऑक्सफर्डचा अध्यापक, 1931 मध्ये ख्रिस्ती झाला. त्याच व्यासपीठावर चार्ल्स टेम्पलटन यांचे नाव कधी येत नाही. ते प्रसिद्ध अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांचे सहकारी आणि मित्र, सभा गाजवणारे प्रवचनकार. 1957 मध्ये त्यांनी आपण अज्ञेयवादी झालो असे जाहीर केले आणि पुढे ते परतले नाहीत. नास्तिकांच्या सभांत याच्या नेमके उलट होते. दोघांनीही पुष्कळ विचार केला होता, दोघांनीही काहीतरी गमावले होते.

तुमच्या आईला सांगाल तेव्हा ‘सध्या असे वाटते’ असे म्हणून तिला आशेवर ठेवू नका, आणि ‘आता कधीच नाही’ असेही म्हणू नका. आज जे आहे ते सांगा. आणि मुलीचा स्नानसंस्कार झाला म्हणून तिचे ठरून गेले असे समजू नका. माझाही झाला होता. त्याने मला जाण्यापासून अडवले नाही, आणि परत येताना तो पुन्हा घ्यावा लागला नाही.

उत्तर : इंग्लंडहून

येथे हा प्रश्न जवळजवळ कोणाला पडत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 च्या जनगणनेत 59.3 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले होते, 2021 मध्ये ते प्रमाण 46.2 टक्क्यांवर आले, आणि ‘कोणताही धर्म नाही’ म्हणणारे 25.2 वरून 37.2 टक्के झाले. माझे शेजारी चर्च सोडून गेले तेव्हा त्यांना कोणी काही विचारले नाही, आणि त्यांच्या मुलांना तर सोडण्यासारखे काही मिळालेच नाही. या मोकळेपणाची किंमत मी जाणतो आणि तो हवाच असे मानतो. पण ‘का गेलास?’ असे आस्थेने विचारणारे माणूस भोवती असणे हेही काही कमी नाही, आणि तुमच्याभोवती अशी माणसे दिसतात.

उत्तर : वकील, मुंबई

कायद्याच्या बाजूने थोडेसे. श्रद्धा नाही हे जाहीर करणे तुमच्यावर बंधनकारक नाही आणि लपवणेही नाही. सप्टेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्यासमोर, एक प्रकरण या विषयाच्या अगदी जवळचे होते. अर्जदार येशूला मानत होते, पण आपला कोणताही धर्म नाही असे त्यांचे म्हणणे होते. राजपत्रात ‘ख्रिस्ती’ ऐवजी ‘धर्म नाही’ अशी नोंद करून घेण्यास शासकीय मुद्रणालयाने नकार दिला होता. न्यायालयाने सांगितले की संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदातील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचे स्वातंत्र्य येते आणि शासन कोणालाही धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. साक्षीच्या वेळी देवाच्या नावाने शपथ न घेता गंभीरतापूर्वक प्रतिज्ञा करण्याची सोय 1969 च्या शपथ अधिनियमात आहेच. पुढे कधी मुलीच्या शाळेच्या अर्जातील धर्माच्या रकान्यावरून घरात प्रश्न उभा राहिला, तर हा निर्णय लक्षात असू द्या. पण तो रकाना कसा भरायचा हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचे आहे.

प्रश्नकर्ता : वसईतील एक बाप

सर्वांचे मनापासून आभार. गप्प राहण्याची मुभा विधीतच आहे हे मला खरोखर ठाऊक नव्हते. पत्नीला दाखवले, तिने दोनदा वाचले आणि धर्मगुरूंकडे दोघांनी मिळून जायचे ठरवले. मुलीच्या धर्मशिक्षणाला माझी हरकत नाही, हे मी तिला शब्दांत सांगितले. मोठी झाल्यावर तिने मला विचारले तर मात्र मी माझे मत लपवणार नाही, हेही सांगितले, आणि ते तिला मान्य आहे. आईला स्नानसंस्काराच्या आधी सांगणार आहे, तेही घरी, भावंडे नसताना. वडिलांशी बोलताना ऋण आणि विश्वास वेगळे करून दाखवणे कठीण गेले, असे नगरच्या बंधूंनी लिहिले, ते मी लक्षात ठेवीन.

एक प्रश्न राहिला. चुलतभावाच्या मुलाचा स्नानसंस्कार पुढच्या महिन्यात आहे आणि त्याने मला धर्मपिता व्हायला विचारले आहे. तेथेही गप्प राहून चालेल का?

उत्तर : धर्मशिक्षण वर्गाची शिक्षिका, वसई

नाही, तेथे चालणार नाही. गप्प राहण्याची ती सवलत आईवडिलांसाठी आहे, कारण मूल त्यांचे आहे आणि ते नाते त्यांच्या श्रद्धेवर अवलंबून नाही. धर्मपित्याचे काम मात्र श्रद्धेत सोबत करण्याचेच आहे; धर्मसंहितेच्या 874 व्या नियमानुसार तो दृढीकरण झालेला आणि श्रद्धेला साजेसे जीवन जगणारा कॅथलिक असावा लागतो. चुलतभावाला लवकर कळवा, म्हणजे त्याला दुसरे कोणी पाहता येईल. समारंभाला मात्र जरूर जा, काका म्हणून.